वशिंड नसलेली कालवड

ही गोष्ट सांगायची मी पस्तीस वर्षं टाळली. एकदा बायकोला सांगायला घेतली आणि मध्येच तिकडच्या पावसाच्या गप्पांवर घसरलो. एकदा मुलाला सांगायला बसलो, तर त्याला फोन आला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आता बायको राहिली नाही, मुलाला वेळ नाही, आणि शिवाजी पेठेतल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सकाळचा पेपर वाचून झाला की मला काही काम नसतं. म्हणून लिहितो. आजरा तालुक्यातल्या एका गावात एका बाईवर माझ्यामुळे खोटं बालंट आलं. ती खरं बोलत होती हे दोघांनाच माहीत होतं, तिला आणि मला.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखालचा. गायीम्हशींचं कृत्रिम रेतन करणं हे माझं काम. पण मोटरसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधून कोणी गावात शिरलं की लोक त्याला डाक्टरच म्हणतात, आणि मीही कधी कोणाला दुरुस्त केलं नाही.

त्या नोकरीत मला सर्वांत आवडायचे ते लोकांचे प्रश्न. माणसांच्या डॉक्टरला जे विचारायला लाज वाटते ते जनावरांच्या डॉक्टरला बिनधास्त विचारता येतं. एकाने जांभई दिली की शेजारच्याला का येते? डोकं पांढरं होतं तेव्हा भुवया मागे का राहतात? शेपूट नाही तर माकडहाड कशाला ठेवलंय? डोक्यावर दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात म्हणतात, मग माझं एकही का जमेना, असं एकाने जनावर अडकवायच्या खोड्याला टेकून विचारलं होतं. त्याच्या डोक्यावर खरंच दोन भोवरे होते. मला येत होतं ते मी सांगायचो. येत नव्हतं तेही सांगायचो, ही माझी खोड.

प्रश्न विचारण्यात त्या बाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती खालच्या अंगाच्या बौद्धवाड्यात राहायची. माझ्याच वयाची, पण मी तिला आक्का म्हणायचो. नवरा वारलेला, दोन मुली. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची गाय तिने अर्धलीने घेतली होती. म्हणजे गाय त्याची, वैरणपाणी आणि राखण हिची. पहिलं वासरू त्याचं, दुसरं हिचं. गाय भरवायची ती दवाखान्यातूनच, वळूकडे न्यायची नाही, अशी त्याची अट. पहिली वासरी त्याच्या गोठ्यात गेली होती. पुढचं वासरू हिचं, म्हणजे जन्मात पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावाचं जनावर तिच्या दारात उभं राहणार होतं. त्यासाठी ती त्या गायीला जिवापाड जपायची.

एकदा भातलावणीच्या दिवसांत तिने मला वाटेत थांबवलं आणि हात पुढे केले. "डाक्टर, हे बघा. दिसभर चिखलात हात. बोटांच्या पोटाला सुरकुत्या पडल्यात. पाठीला का न्हाईत? पाणी काय एकाच अंगानं लागतंय व्हय?"

मी म्हणालो, तळव्याची कातडी जाड असते, ती पाणी पिते आणि फुगते.

"मग माझ्या जावेचं बोट का फुगत न्हाय?" ती म्हणाली. "इळा लागलाता तिला. तवापासनं त्या बोटाला चिमटा काढला तरी कळत न्हाय. आणि त्याच बोटाला सुरकुती पडत न्हाय. बाकीच्या चारीला पडती. मी मुद्दाम बघितलो."

आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी असंच बोलतात, बघितलो, गेलतो. मी हसलो आणि म्हणालो, योगायोग असेल. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं.

आता त्या दिवसाविषयी. गाय माजावर आल्याचा निरोप सकाळी आला. मी गेलो. गाय खोड्यात उभी होती, अर्धी जर्सी, बदामी रंगाची. मालकाने जर्सीच भरायची म्हणून मला दोनदा बजावलं होतं, आणि तो स्वतः तालुक्याला गेला होता. माझ्या कॅनमध्ये दोन जातींच्या कांड्या असायच्या, बदामी जर्सीच्या आणि काळ्यापांढऱ्या होल्स्टीनच्या, वेगवेगळ्या डब्यांत. कांडी म्हणजे पेनच्या रिफिलएवढी नळी. तिच्यात गोठवलेलं रेत आणि वर वळूचा नंबर छापलेला. कांडी काढायची, कोमट पाण्यात धरायची, पुसायची, नंबर वाचायचा आणि मगच भरायची. हे मी नव्या पोरांना शिकवत असे.

मी झाकण उघडलं आणि आक्काने विचारलं, "दोन्ही पोरी माझ्याच, बाप बी एकच. मग एकीला माझं नाक आणि दुसरीला सासूचं, हे कसं?"

इतका सुंदर प्रश्न मला वर्षभरात कोणी विचारला नव्हता. मी रंगात आलो. पत्त्यांचे दोन जोड समज, म्हणालो, एक आईचा, एक बापाचा. प्रत्येक मुलाला दोन्हींतून निम्मे निम्मे पत्ते मिळतात, पण दर वेळी पिसून. तुझ्या जोडात तुझे पत्ते आहेत तसे तुझ्या आईबापाचे आहेत, आणि नवऱ्याच्या जोडात सासूचे. कोणतं पान कोणाला येईल ते सांगता येत नाही. ती मन लावून ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे निम्मं आईचं, निम्मं बापाचं, हे मातुर ठरल्यालं?" तेवढं ठरलेलं, मी म्हणालो. तोंड हे बोलत होतं आणि हात सवयीने आपलं काम करत होते. कांडीवरचा नंबर मी वाचला नाही. हात धुतले आणि रिकामी कांडी शर्टाच्या खिशात टाकली.

संध्याकाळी वहीत नोंद करताना ती कांडी बाहेर काढली. होल्स्टीनची होती.

वहीत मी जर्सीचा नंबर लिहिला. कांडी बंबात टाकली. म्हटलं, गाय उलटेल, पुन्हा माजावर येईल आणि सगळं मिटेल. गाय उलटली नाही.

नऊ महिन्यांनी एका दुपारी गाय व्याली. वासरू मोठं होतं, आक्का आणि तिच्या जावेने ओढून काढलं. कालवड झाली होती. काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा, पोट आणि मागचे खूर पांढरे. मला बोलावणं आलं तेव्हा तिच्या अंगणात दहाबारा माणसं जमली होती आणि मालक मधोमध उभा होता.

"जर्सी भरल्याला कागद हाय माझ्याकडं," तो म्हणत होता. "बदामी गाय आणि जर्सीचं बेणं. काळं कुठनं आलं? गाय सोडून कुठं बसलीवतीस?"

"गाय दावणीला हुती मालक. माजावर हुती तवा तीन दिस हालली न्हाई."

"मग आभाळातनं पडलं हे?"

गावात देवाला सोडलेला एक काळा वळू हिंडायचा. मागून कोणीतरी म्हणालं, "तो काय इचारून येतोय व्हय?" आणि लोक हसले.

मालक माझ्याकडे वळला. "डाक्टर, तुमी सांगा. तुमच्या कांडीचं हाय का हे?"

"माझ्या वहीत जर्सीच आहे," मी म्हणालो. हे वाक्य अक्षरशः खरं होतं.

आक्का रडली नाही, की भांडली नाही. वासरीजवळ उकिडवी बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून माझ्याशीच बोलायला लागली, जणू बाकी कोणी तिथे नव्हतंच. "डाक्टर, तुमीच सांगितलासा, निम्मं आईचं, निम्मं बापाचं. काळं वळूचं असंल, धरून चालू. पण वळूला ह्ये एवढं वशिंड हाय. गळ्याला पोळी लोंबत्या. कान लांब हैत. हिच्यात त्यातलं काय बी न्हाय. गळा बघा, सपाट. कान बघा. निम्म्यातलं निम्मं तरी दिसाय नको? आणि ह्यो पांढरा टिळा कुणाचा? गायीला न्हाय, वळूला न्हाय. ह्ये तिसऱ्याच कुणाचं तरी हाय."

तिचं बरोबर होतं. आठ बुकं शिकलेल्या बाईने मी शिकवलेल्या एका वाक्यावरून, समोरच्या पुराव्यावरून, अगदी पायरीपायरीने सत्यापर्यंत वाट काढली होती. राहिलं होतं ते मी फक्त हो म्हणायचं.

मी म्हणालो, "आक्का, सगळेच गुण दिसतात असं नसतं. काही दडून राहतात, पुढच्या पिढीत निघतात. आणि वशिंड काय, वाढल्यावर येतं."

गुण दडून राहतात हे शास्त्र आहे. मी ते खोटं बोलायला वापरलं.

"ऐकलीस?" मालक म्हणाला. "आता डाक्टरला शिकीवणार ही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तिला त्याच क्षणी कळलं. पण एका बाजूला गावातला मोठा माणूस, दुसऱ्या बाजूला सरकारी वही, आणि ती बौद्धवाड्यातली एकटी बाई. तिच्या शब्दाला तिथे किती वजन आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. ते ठाऊक होतं म्हणूनच मी ते बोलू शकलो.

माझी नोकरी जाण्याइतकी ती चूक नव्हती. फार तर चार बोलणी बसली असती. पण कांडी न वाचता भरणारा, हे नाव मला तालुक्यात नको होतं. एवढंच कारण होतं. याहून मोठं एखादं सापडतं का ते मी पुष्कळ वर्षं शोधत होतो.

चीक सरल्यावर मालक गाय घेऊन गेला. वळूचं वासरू तुझं तुला लखलाभ, म्हणाला. आक्काने ती कालवड शेळीच्या दुधावर जगवली. तिला पुन्हा कोणी अर्धलीने जनावर दिलं नाही. हिच्या हाती दिलं की वळूच्या हाती दिलं, अशी थट्टा चालायची. ती काजूच्या कारखान्यात काजू फोडायला जायला लागली. काजूच्या टरफलाचं तेल कातडी जाळतं. वर्षभरात तिची बोटं काळी पडली.

पुढे सात वर्षं मी त्या गावात जात होतो. तिच्या दारावरून माझी गाडी गेली की ती कालवडीच्या पाठीवरून हात फिरवायची, मानेपासून शेपटीपर्यंत, सावकाश, मला दिसेल असा. पाठ सरळ होती. वशिंड आलं नाही, येणारही नव्हतं. तिने मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. आणि गंमत म्हणजे, ती कालवड व्याली तेव्हा दोन्ही वेळेला बादली भरून दूध द्यायला लागली, तसं गावातल्या चारपाच जणांनी आपल्या गायी दवाखान्यातून भरवायच्या बंद केल्या आणि त्या काळ्या वळूकडे नेल्या. त्यांना जी वासरं झाली त्यांना भलीमोठी वशिंडं होती आणि दूध चहापुरतं. तरी त्या कालवडीविषयी कोणाला शंका आली नाही. मग माझी बदली झाली.

तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी तपासताना विचारलं, "आजोबा, अर्धा तास पाण्यात हात ठेवला तर या तीन बोटांना सुरकुत्या पडतात का?" मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? ते म्हणाले, सुरकुत्या कातडी फुगून पडत नाहीत. नस आतल्या रक्तवाहिन्या आवळते म्हणून पडतात. नस तुटली तर त्या बोटाला पडत नाहीत.

मी तिथे खुर्चीत बसलो होतो आणि मला विळा लागलेलं बोट आठवत होतं. त्यातही तिचंच बरोबर होतं. मी योगायोग म्हणून हसलो होतो.

तरी जायला मला दोन वर्षं लागली. मागच्या थंडीत एसटीने आजऱ्याला उतरलो आणि तिथून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने गावात गेलो. घर आता सिमेंटचं झालं होतं. आक्का ओट्यावर उन्हात बसली होती. तिने मला लगेच ओळखलं. "डाक्टर न्हवं? लई वाळलासा." आत ओरडून चहा सांगितला. मुली सासरी सुखात आहेत, थोरलीचा मुलगा आपल्याजवळच राहतो, नातसून चांगली आहे, असं सगळं सांगितलं. मी वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात तिने दोन्ही अंगठे माझ्यापुढे धरले.

"रेशनच्या मशीनवर माझा अंगठा उठत न्हाय बघा. दुकानदार म्हणतोय, म्हातारे, तुला रेघाच न्हाईत. काजूनं गेल्या म्हणायच्या. पर कातडं तर नवं येतंया की. मग रेघा का येत न्हाईत? का येत्यात त्या दुसऱ्याच येत्यात?"

पस्तीस वर्षांनी तिने मला प्रश्न विचारला होता. मला इतका आनंद झाला की कशासाठी आलो तेच मागे पडलं. मी सांगत सुटलो. रेषांचा साचा वरच्या कातडीत नसतो, खालच्या थरात असतो. वरची कातडी गेली तर त्याच रेषा पुन्हा उमटतात, अगदी त्याच, दुसऱ्या नाही. पण वर्षानुवर्षं भाजत राहिलं की खालचा थरही खराब होतो, आणि वयाने उंचवटे झिजतात. तिने मध्येच विचारलं, जुळ्यांच्या रेघा सारख्या असतात का? मी म्हणालो, एकाच गर्भातून दोन झाले तरी नसतात. तिला ते फार आवडलं. या वेळी मला पक्कं माहीत असलेलंच मी सांगितलं. दुसऱ्या बोटाने किंवा डोळ्याने ओळख पटवता येते का ते दुकानात विचारा, असंही सांगितलं. हे सगळं बोलताना तिचे अंगठे माझ्या हातात होते. काळपट, गुळगुळीत.

चहा झाला. मी म्हणालो, "आक्का, ती काळी कालवड..."

"ती व्हय?" ती हसली. "लई दूध दिलं तिनं. तिच्यावर तर पोरींची लग्नं झाली. वळूची म्हणायची सगळी." मग म्हणाली, "शेवटी मी बी तसंच म्हणाय लागलो."

एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली. घाई नव्हती तिला. एवढी उघडी जागा माणसाला आयुष्यात दुसऱ्यांदा मिळत नाही. मी विचारलं, परतीची जीप किती वाजता आहे.

तिने वेळ सांगितली. नातसुनेने पिशवीत काजू बांधून दिले, ते मी घेतले.

परत जाईन असं लिहिणार होतो, पण स्वतःला मी ओळखतो. तिथे जे म्हणायचं होतं ते असं होतं: आक्का, गाय दावणीला होती. वळू तिच्याकडे फिरकला नाही. कांडी मी चुकीची भरली, ते मला त्याच संध्याकाळी कळलं, आणि मी वहीत खोटं लिहिलं. अंगणात तुम्ही जे जे बोललात त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. पांढरा टिळा तिसऱ्याचाच होता. मला उत्तर येत होतं. मला माफ करा.