हमामखान्याचे आतोबा

देवाने माणूस घडवला खरा, पण घाईगर्दीत त्याला तेल लावायचं राहून गेलं आणि ते उरलेलं काम पुढे आपल्याकडे सोपवण्यात आलं, अशी आमच्या आतोबांची पक्की समजूत होती. ही समजूत चुकीची होती असं म्हणायची माझी तरी छाती नाही. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून त्यांच्या हाताखालून न गेलेली पाठ क्वचितच सापडली असती. माणसाला ते आधी पाठीकडून ओळखत आणि मग तोंडाकडून. रस्त्यात पुढे कोणी चालत असला की म्हणत, "हा डाव्या कुशीवर झोपतो आणि बायकोशी बोलत नाही." मग भराभर पुढे जाऊन त्याला गाठत आणि तो खरोखरच ओळखीचा निघे.

आतोबा म्हणजे माझ्या एकुलत्या एका आत्याचे यजमान. राहायला माधवगंजात. संस्थानच्या काळात दरबारच्या पाहुण्यांसाठी जी कोठी होती, तिथल्या हमामखान्याचे ते दारोगा होते. बाहेरगावचे राजेरजवाडे, इंजिनियर, शिकारी, गवई असे नाना तऱ्हेचे लोक आगगाडीत अंग आंबवून यायचे. त्यांना गरम पाणी, वाफ, उटणं आणि मालिश मिळते की नाही हे पाहणं एवढंच आतोबांचं काम. स्वतः हात लावायची काही गरज नव्हती, त्यासाठी माणसं होती. पण जी गोष्ट आपल्या अंगाला माहीत नाही ती पाहुण्याच्या अंगाला कशी द्यायची, असं म्हणून ते प्रत्येक नव्या मालिशवाल्यापुढे आधी स्वतः आडवे होत आणि उठल्यावर त्याच्याकडून ती विद्या शिकून घेत. अमृतसरकडच्या एका पहिलवानाची मालिश त्यांना रक्तासाठी पसंत होती. "तो मारतो, पण मायेने मारतो," असं त्याचं वर्णन. मलबारकडचा एकजण छताला दोर बांधून, त्याला धरून पायांनी पाठ तुडवायचा. ती कंबरेसाठी. लखनौच्या माणसाची चंपी दिमागासाठी, आणि तिच्यात बोटं ठेक्यात पडली नाहीत तर ती चंपी नव्हे, नुसती टपली. एका गोऱ्या पाहुण्याबरोबर आलेली नर्स तेलाऐवजी पावडर लावून चोळायची. तीही आतोबांनी निमूटपणे करून घेतली आणि घरी येऊन आत्याला म्हणाले, "छान होती. तूप न वाढलेल्या पुरणपोळीसारखी."

पण ह्या सगळ्यांच्या वर त्यांनी बसवली होती ती बाळ-बाळंतिणीची मालिश. तिथे पुरुषमाणसाला प्रवेश नसल्यामुळे माझ्या आईच्या बाळंतपणात ते म्हणे बंद दाराबाहेर पाट टाकून बसत आणि आतल्या बाईला विचारत, "आता टाच का? मला आवाजावरून टाच वाटली." त्यांचं म्हणणं असं, की जन्मातली सगळ्यात चांगली मालिश माणसाला मिळते ती त्याला बोलता येत नसतं तेव्हा. म्हणून तर तो पुढे जन्मभर कुरकुरतो.

लग्नाला गेले तर सगळ्यांचं लक्ष अंतरपाटाकडे आणि ह्यांचं वधूपित्याच्या खांद्यांकडे. एका लग्नात अक्षता पडल्या न पडल्या तोच त्यांनी त्या बिचाऱ्याला शेजारच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. इकडे व्याही खोळंबले, पंगत खोळंबली. शेवटी दार उघडलं तेव्हा वधूपिता गुणगुणत बाहेर आला आणि मानपानाच्या ज्या गोष्टीवरून सकाळपासून धुसफूस चालली होती ती हसत हसत कबूल करून मोकळा झाला. घरी वाफेसाठी त्यांनी वेताची एक खुर्ची ठेवली होती. तिच्यावर माणूस बसवायचा, खाली निर्गुडी-कडुनिंबाच्या पाल्याचं उकळतं पातेलं सरकवायचं आणि वरून गोधडी गुंडाळून फक्त मुंडकं बाहेर ठेवायचं. एका थंडीत मी त्यांच्याकडे गेले तर गोधडीतून एक अनोळखी मुंडकं माझ्याकडे केविलवाणं पाहत होतं. आत्या स्वयंपाकघरातून ओरडत होती, "अहो, तो पत्ता विचारायला आलेला माणूस आहे!"

"माहीत आहे," आतोबा म्हणाले. "पत्ता सांगतोच की. आधी त्याचं नाक तर उघडू दे."

मग संस्थान विलीन झालं. मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं, सहा महिने राजधानी आमच्याकडे आणि सहा महिने इंदूरला. जुनी खाती मोडली, नवी झाली, आणि कुठल्या माणसाला कुठे बसवायचं हे ठरवायला इंदूरहून एक साहेब आले. सगळे आपापले कागद घेऊन बाहेर रांगेत उभे. आतोबांना बोलावलं तेव्हा साहेबांनी कागद वाचून विचारलं, "हमामखाना? म्हणजे नेमकं काय काम?"

आतोबांचं त्या प्रश्नाकडे लक्षच नव्हतं. साहेब उजवीकडे पाहायचं झालं की मानेऐवजी अख्खे वळत होते. आतोबा म्हणाले, "साहेब, किती दिवस झाले?"

"कशाला?"

"मानेला."

पुढचं त्या कचेरीतला शिपाई गावभर सांगत असे. साहेबांची मुलाखत घेणं थांबलं आणि आतोबांची सुरू झाली. आतोबांनी टेबलाला वळसा घालून साहेबांच्या मागे उभं राहून त्यांची कॉलर सैल केली. थोड्या वेळाने कट् असा आवाज झाला, साहेब "अरे देवा!" म्हणाले आणि मग त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाहेर खोळंबलेल्या लोकांना वाटलं, आतोबांचं भाग्य उघडलं, आता मोठी जागा पक्की.

पण साहेब होते कमालीचे सचोटीचे. ज्याने आपली मान मोकळी केली त्याला चांगली जागा दिली तर ती लाचच झाली, ह्या विचाराने त्यांना इतकं घेरलं, की त्यांनी आतोबांना होते त्याच्याहूनही एक पायरी खाली उतरवलं आणि पाण्याशी संबंध आहे म्हणून पाणीपुरवठ्याच्या भांडारात नळ-तोट्या मोजायला बसवलं. आत्या संतापली. "नोकरी ठरेपर्यंत तरी हात आवरायचे होते!"

"अगं, तो माणूस परेशान होता," आतोबा म्हणाले. "त्याला तसाच बसू द्यायचा?"

त्यांना खरोखर दुसरं काही सुचलंच नसणार. मला त्यांच्याबद्दल जे काही वाटतं त्याच्या मुळाशी हे आहे.

ह्याच दिवसांत आमच्या घरावर दुखणं आलं. माझे वडील संस्थानच्या फौजेत सुभेदार. फौज हिंदुस्थानच्या सैन्यात सामील झाली, तरुण लोक घेतले गेले आणि वय झालेल्यांना पेन्शन देऊन घरी पाठवलं. वडील घरी आले, वर्दीची घडी घातली आणि आडवे झाले ते उठेनात. पाठ फळीसारखी ताठ. कंपू भागातल्या मोठ्या इस्पितळात नेलं तर डॉक्टर म्हणाले, हाडाला काही नाही. मी तेव्हा कॉलेजात जात होते. संध्याकाळी परत यावं तर सकाळी जसे भिंतीकडे तोंड करून पडलेले तसेच दिसत. जेवणसुद्धा अर्धं टाकत. आई एकदा मागच्या अंगणात माझ्याजवळ म्हणाली, "हे असे सहा महिने राहिले तर आपल्याला राहणार नाहीत गं." आणि दुसऱ्या दिवशी तिने आतोबांना निरोप धाडला.

वडील करारी माणूस. कोणी अंगाला हात लावलेला त्यांना खपत नसे, न्हाव्यालासुद्धा ते हुकूम देऊन काम करून घेत. आतोबा वाटी घेऊन खोलीत शिरले तसे ते भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाले, "दाजी, मला मालिश नको."

"तुम्हाला कोण करतंय, दादासाहेब? वहिनींच्या शेगडीवर तेल गरम करायला आलोय. आमच्या घरी कोळसा संपलाय."

आणि खरोखर, त्या दिवशी त्यांनी काही केलं नाही. ओवा-लसूण घातलेलं मोहरीचं तेल गरम केलं, कुठला महाराजा हमामात घोरायचा आणि कुठला गुदगुल्या होतात म्हणून किंचाळायचा हे सांगितलं आणि भांडारात निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बरेच दिवस असंच चाललं. मग एका सकाळी वडिलांचं पाऊल पांघरुणाबाहेर आलेलं होतं. चुकून आलं होतं की काढलं होतं, देव जाणे. आतोबांनी बोलणं न थांबवता त्याला तेल लावलं. वडिलांनी पाऊल मागे घेतलं नाही. हळूहळू पोटऱ्या झाल्या, कंबर झाली. वाटेत आतोबांची बडबड कमी कमी होत गेली हे मला फार नंतर कळलं.

ज्या दिवशी हात उजव्या खांद्यामागच्या खवाट्यापाशी पोचला त्या दिवशी मी चहा घेऊन दारात उभी होते. तिथली गाठ आतोबा अंगठ्याने नुसती धरून होते. एकाएकी वडील उशीत तोंड ठेवूनच बोलू लागले. शेवटच्या कवायतीच्या दिवशी जुनं निशाण कसं उतरवलं, ओळीने बंदुका कशा जमा केल्या, आपल्या बंदुकीचा दस्ता ज्याने हातात घेतला त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोलता बोलता आवाज फुटला. माझ्या वडिलांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आतोबांनी हात काढला नाही आणि "रडू नका"ही म्हटलं नाही.

बऱ्याच वेळाने वडील म्हणाले, "तुमचाही हमाम गेलाच की, दाजी. तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. फार वाटलं. पण माझं काम माझ्या हातांत होतं, ते घेऊन मी बाहेर पडलो. तुमचं काम त्यांनी जमा करून घेतलं. तुम्हाला जास्त दुखणारच, दादासाहेब. ह्यात लाजायची काही बात नाही."

वडिलांनी त्या दिवशी बसून चहा घेतला. पुढे थोडं चालू लागले, मग अंगणात, मग बाजारापर्यंत. उन्हाळा संपता संपता एका शाळेत मुलांना कवायत शिकवायला जाऊ लागले आणि घरी येऊन मुलांच्या पोक काढलेल्या पाठींबद्दल इतक्या तक्रारी करू लागले, की आई हसून म्हणे, दाजींची हवा लागली.

राज्यांची पुनर्रचना झाली तसा मध्यभारतही गेला. राजधानी भोपाळला, आणि कचेऱ्यांबरोबर आतोबांची बदलीही भोपाळला. नव्या राजधानीत कुठून कुठून आलेले कारकून एकमेकांची भाषा आणि हुद्दे तपासत बसले होते, त्यांच्यात म्हणे आतोबा फार लवकर रुळले. आत्या सांगायची, जबलपूर-रायपूरचे लोक ह्यांना नावाने ओळखत नसत. "ग्वालियरवाले, जरा कंधा देखिए," म्हणत यायचे. पेन्शनीत निघाल्यावर दोघं परत माधवगंजात आली. हात तेवढाच पक्का राहिला होता, पण दम टिकेना. पाठ अर्धी झाली की म्हणत, "बाकीची उद्या." एका हिवाळ्यात, सकाळच्या उन्हात बसल्या बसल्या ते गेले.

समाचाराला माणसं येतच होती. येणारा बसायचा, "फार मोठा माणूस," म्हणायचा आणि बोलता बोलता त्याचा हात आपसूक कुठेतरी जायचा. कोणाचा मानेला, कोणाचा गुडघ्याला, कोणाचा कपाळाला. वडील कोपऱ्यात ताठ उभे होते. त्यांचाही हात मागे गेला, खवाट्याकडे, पण वयामुळे तो तिथवर पोचेना. दोनदा प्रयत्न करून त्यांनी तो खाली सोडला.

आत्या आपल्या जागेवरून उठली, त्यांच्या मागे गेली आणि सदऱ्यावरून नेमक्या त्या ठिकाणी तळवा टेकून म्हणाली, "इथेच ना, दादा? घरी येऊन मला सगळं सांगायचे ते."

वडिलांनी मान हलवली. आत्याने हात काढला नाही.