केळी बघायला जमैकाला

धुळ्याच्या शेतकी प्रदर्शनात माझ्या वडिलांनी, आबांनी, एक फोटो पाहिला आणि आमच्या घराची झोप उडाली. फोटोत एक काळीसावळी बाई केळीच्या घडाशेजारी उभी होती आणि घड तिच्या खांद्याला लागत होता. खाली लिहिलं होतं, जमैका. आबा गावी, असोद्याला परत आले ते तोच विषय घेऊन. ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला ते हात छातीशी धरून दाखवायचे, "एवढा घड! आपल्या मातीत काहून नही येनार?"

आमचा केळीचा मळा तेव्हा गावात नाव घेण्यासारखा होता, जळगावच्या एका जिनिंगमध्ये भागी होती, आणि आबांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. त्यांनी तिकडच्या केळीचे लावायचे कंद आणायचा सरकारी परवाना काढला, मळ्यातलं विहिरीजवळचं वावर नांगरून मोकळं ठेवलं, आणि मला म्हणाले, "दामू, तुले इंग्रजी येतं. तू जाय."

मला एकट्याला पाठवायला मात्र कोणी तयार नव्हतं. आमची केळी जळगावच्या ज्या अडत्यांकडे जात, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. त्यांचा मुलगा यूसुफ माझा शाळेपासूनचा मित्र. चाचांनीच तोड काढली. "पाटील, दामू रस्त्यात पुस्तक वाचत बसेल आणि बोट निघून जाईल. यूसुफला सोबत जाऊ द्या. माल कसा भरतात ते तो पाहील, झाड कसं लावतात ते हा पाहील."

ही गोष्ट दुसऱ्या मोठ्या युद्धाच्या आधीची. तेव्हा आगबोटी वेळेवर सुटत. आता काय स्थिती आहे मला ठाऊक नाही, जाणाऱ्याने मुंबईला नीट चौकशी करावी. जमैकाला इथून सरळ बोट नाही. मुंबईहून एडन, सुएझ करत आधी विलायत गाठायची, आणि तिथे ब्रिस्टलजवळच्या बंदरातून केळी आणायला जाणाऱ्या बोटीत जागा मिळवायची. या बोटी येताना केळींनी भरलेल्या असतात, जाताना जवळजवळ रिकाम्या, म्हणून थोडे उतारू घेतात. खर्च विचाराल तर दोघांच्या भाड्यात बैलांच्या चांगल्या जोड्यांनी गोठा भरला असता. एवढं सांगितलं तरी पुरे.

मायने दशम्या, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, आणि लाल मिरचीची कोरडी चटणी बांधून दिली. दशम्या एडनपर्यंत टिकल्या. चटणी थेट जमैकापर्यंत पुरली, आणि कोणी विचारलं तर प्रवासाला जाताना पहिली वस्तू कोणती घ्यावी याचं माझं उत्तर हेच आहे.

अरबी समुद्रात यूसुफ आडवा झाला. सुएझपर्यंत तो फक्त दोन वाक्यं बोलत होता, "या अल्लाह" आणि "अजून किती?" मी त्याला लिंबू चोखायला देत फुशारकीने डेकवर फिरत होतो. पुढे केळीच्या बोटीत बसलो आणि पारडं फिरलं. रिकामी बोट पाण्यावर फार हलते, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. अटलांटिकमध्ये मी पडून राहिलो आणि यूसुफ खलाशांशी पत्ते खेळू लागला. जेवणाची आमची एक गंमतच झाली. मी मटण खात नाही आणि यूसुफला बोटीवरचं मटण चालत नाही. त्यामुळे बाकीचे उतारू ताटं भरभरून खात आणि आम्ही दोघे एका कोपऱ्यातल्या टेबलावर उकडलेले बटाटे सोलत बसत. चटणीची पुरचुंडी आमच्या मधोमध असे.

एका सकाळी यूसुफने मला गदागदा हलवून डेकवर नेलं. समोर डोंगर होते. पायथ्याशी हिरवे, वर निळे, आणि शेंड्यावर ढग टेकलेले. आम्ही दोघेही कठड्याला रेलून पाहत राहिलो. मग यूसुफ म्हणाला, "सातपुड्याला कोणी धुऊन काढलंय."

किंग्स्टन शहरात उतरल्यावर आधी ऊन भेटलं, आणि विलायतेच्या थंडीनंतर ते इतकं गोड लागलं म्हणता! ट्रामगाड्या, धुळीचे रस्ते, डोक्यावर टोपल्या घेऊन ताठ चालणाऱ्या बाया. रस्त्याकडेला चिंच आणि आंबा पाहून मी तर चिंचेच्या खोडावर हातच फिरवला. आम्ही एका विधवा बाईंच्या खाणावळीत उतरलो. स्वच्छ जागा, पण शाकाहारी माणूस म्हणजे आजारी माणूस अशी त्यांची पक्की समजूत. त्या मला रोज पेज देत आणि तब्येतीची चौकशी करत.

केळीचा खरा मुलूख उत्तरेच्या किनाऱ्याला आहे. तिकडे आगगाडी जाते. दरी, बोगदे, नारळ आणि मध्येच डाव्या हाताला एकदम समुद्र. जाणाऱ्याने डावीकडची खिडकी धरावी. आम्ही गाडीत आपल्या बोलीत गप्पा मारत बसलो होतो. समोरच्या बाकावर धोतरासारखं काही नेसलेले, डोक्याला पंचा गुंडाळलेले एक म्हातारे आमच्याकडे एकटक पाहत होते. शेवटी त्यांनी हात पुढे करून माझ्या कोटाची बाही धरली.

"मुलुक से आइल हव?"

"हो... हां, हिंदुस्थानसे," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने यूसुफची टोपी पाहिली, माझ्या कपाळावरचं गंध पाहिलं. "दोनों संगे?"

"शाळेपासून," यूसुफ हसून म्हणाला.

त्यांचं नाव जगरू. तरुणपणी गिरमिट करून, म्हणजे करारावर सही-अंगठा देऊन, ते उसाच्या कामाला आले होते. करार संपला, परत जाणं झालं नाही, हळूहळू केळीचं स्वतःचं रान केलं. त्यांना जळगाव ठाऊक नव्हतं, मला त्यांचं गाव ठाऊक नव्हतं. पण ॲनोटो बे नावाच्या स्टेशनात उतरताना त्यांनी आमची ट्रंकच उचलली. आता कसली खाणावळ आणि कसलं काय!

घर लाकडी, वर पत्रे, मागे डोंगराचा उतार. जगरूकाकांच्या बायकोचं नाव सुगिया. आम्ही तिला मौसी म्हणू लागलो. पहिल्या दिवशी तिने आमच्यापुढे भाकरीएवढी जाड रोटी आणि एक पालेभाजी ठेवली. तिथे तिला कॅललू म्हणतात. एक घास घेतला आणि मी ओरडलोच, "अरे, हा तर माठ!" दुसऱ्या दिवशी परसात वांगी दिसल्यावर मी चूल ताब्यात घेतली. आपल्याकडे भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात. तिथे कपाशी कुठली? नारळाच्या सोडणांवर भाजली. त्यात मायची चटणी घातली. मौसीने चाखलं, डोळ्यांतून पाणी काढलं, नाक पुसलं आणि आणखी मागितलं.

आणि केळी! खोड माझ्या मिठीत मावेना. पानं इतकी उंच की मान दुखावी. आमच्या बुटक्या बसराई केळीशेजारी ही झाडं म्हणजे गावच्या पहिलवानांचा ताफाच. मी एका घडाशेजारी उभा राहिलो आणि यूसुफने पाहून सांगितलं, "फोटो खोटा नव्हता. खांद्याला लागतोय."

धक्क्यावर माल भरताना पाहायला मिळाला, तो दिवस यूसुफचा. बाया डोक्यावर गुंडाळी ठेवून एकेक घड नेत होत्या, गाणं म्हणत, रांगेने. घड कुठे टेकवत नाहीत, आपटत नाहीत, तान्हं मूल द्यावं तसा एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या हातात. यूसुफ दिवसभर उन्हात उभा राहून बघत होता. संध्याकाळी म्हणाला, "आम्ही वॅगनमध्ये केळी भरतो की दगड, रे?"

तिसऱ्या की चौथ्या दिवशी जगरूकाकांनी मला रानाच्या वरच्या कोपऱ्यात नेलं. तिथली झाडं सगळ्यांत तेजदार होती. त्यांनी स्वतः खणून कंद काढले, माती झटकली, ओल्या शेवाळात गुंडाळून गोणपाटात बांधले. पैशाचं नाव काढलं तर रागावले. "मुलुक की माटी में हमार पेड़ लगी," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पाहून मला वाटलं, आबांचं स्वप्न एकट्या आबांचं राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे नदीवर आंघोळीला निघालो आणि वाट चुकून टेकडीपलीकडे गेलो. तिकडचा उतार पाहून यूसुफ थबकला. अख्ख्या उतारावरची केळी पिवळी पडली होती. पानं मोडून खोडाभोवती लोंबत होती, परकर सुटल्यासारखी. काही खोडं बुंध्याशी उभी चिरली होती. पक्षीसुद्धा नव्हते.

घरी येऊन विचारलं तर काका उठले. मग कोयता घेऊन आम्हाला परत तिकडेच घेऊन गेले आणि एक खोड आडवं छाटलं. आत तांबूस-काळपट ठिपक्यांचं कडं होतं, आणि कुबट वास आला. हा रोग जमिनीत राहतो, ते म्हणाले, औषध नाही, त्या वावरात ही केळी पुन्हा होत नाही. ती सगळी जमीन आधी त्यांचीच होती. आता त्यांच्याकडे अलीकडचा उतार तेवढा उरला होता.

परत येताना यूसुफ म्हणाला, "दामू, कंद न्यायचे नाहीत."

"आपले कंद चांगल्या कोपऱ्यातले आहेत. एकावरही डाग नाही."

"बाहेरून नाही."

"परवाना आहे. आबा वाट बघतायत. एवढा समुद्र ओलांडून मी रिकाम्या हाताने जाऊ?"

"तुझ्या मळ्याच्या बांधाला लागून कोणाचा मळा आहे? आणि त्याला लागून? बठ्ठा गाव केळीवर जगतो, आणि गावाच्या केळीवर आमचं घर."

मी चिडलो. तुला काय, तू अडत्या, तू आज केळी विकशील, उद्या मोसंबी विकशील, असं नको ते बोललो. यूसुफ पुढे निघून गेला. शाळेत असल्यापासून आम्ही शंभरदा भांडलो होतो, पण जेवायला वेगवेगळे बसलो ते त्या एकाच दिवशी.

शेवटी मी उठून काकांकडे गेलो. ते दारात बसून सुतळी वळत होते. मी सरळ विचारलं, "काका, आपके बेटे का खेत होता, तो ये कंद लगाते?"

त्यांच्या हातातली सुतळी थांबली. ज्याने प्रेमाने दिलं त्यालाच मी असं विचारत होतो, मला मान वर करवेना. ते म्हणाले, "हमार उ खेत भी ऐसने साफ रहल, बेटा." मग सुतळी बाजूला ठेवून, "मत ले जा."

त्याच संध्याकाळी आम्ही तिघांनी गोणपाट सोडलं आणि कंद ज्या खड्ड्यांतून काढले त्याच खड्ड्यांत परत लावले. माती लोटताना यूसुफ माझ्या शेजारी होता. मी म्हणालो, "भूक लागली." तो म्हणाला, "मलाही." एवढ्यावर भांडण मिटलं.

परतीचा प्रवास सुखाचा झाला. बोट केळींनी जड होती, म्हणून हलत नव्हती. ज्यांना समुद्र लागतो त्यांनी येतानाचा तरी आनंद घ्यावा.

जळगाव स्टेशनवर आबा बैलगाडी घेऊन स्वतः आले होते, आणि गाडीत कंदांसाठी ओलं गवत अंथरलं होतं. ते पाहून मी यूसुफच्या मागेच थांबलो. यूसुफनेच त्यांना बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. आबा ऐकत राहिले. भादली नाक्यापर्यंत ते गाडी हाकत राहिले. मग बैलांची शेपटी पिळत म्हणाले, "झाडं पाह्यली ना पोटभर?"

"पाह्यली, आबा."

"मंग सांग."

असोदा येईपर्यंत मी सांगत होतो. त्या मोकळ्या वावरात त्यांनी पुढे आपलीच बसराई लावली. यूसुफने मात्र बापाच्या वखारीत घड आपटणं बंद करवलं, वॅगनमध्ये पाचटाची गादी घालायला लावली. हमाल सुरुवातीला कुरकुरले, मग दिल्लीकडून माल काळा पडल्याच्या तक्रारी येईनाशा झाल्यावर चाचाच सगळ्यांना दटावू लागले.

एवढ्या लांब जाऊन काय मिळालं, असं लोक विचारतात. परतल्यावर गावातला जो तो घडाची उंची विचारी, झाडाचा घेर विचारी. एकट्या मायने वेगळंच, मौसीबद्दल विचारलं.

"ती बाई एकलीच शे का तठी? पोरीबाळी?"

"एक लेक आहे, शहरात दिली. मौसी आणि काका दोघंच."

"सनासुदीले नेसते काय?"

मी आठवून सांगितलं, तिकडच्यासारखा झगा घालते, डोक्यावर ओढणी घेते. लुगडं तिने तिकडे आल्यावर पहिल्या काही वर्षांत नेसलं होतं, पुढे मिळालं नाही, असं तिनेच हसत सांगितलं होतं.  पुढच्या बाजाराच्या दिवशी माय जळगावला गेली आणि हिरवं, लाल काठांचं लुगडं घेऊन आली. मी आणि यूसुफने ते मेणकापडात शिवून टपाल कचेरीत नेलं. तिथल्या कारकुनाने पत्ता दोनदा वाचला.

"जमैका? हे गुजरातेत येतं का?"

"जरा पुढे," यूसुफ म्हणाला.

पार्सल गेलं. मग युद्ध लागलं, बोटी बुडू लागल्या, आणि तिकडून काही कळलं नाही. मी एकदा मायला म्हणालो, लुगडं पोचलं की नाही कोण जाणे. ती ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "आता ते काय मले दाखवाले नेसनार शे का ती?"