एका पिस्तुलाच्या दोन नळ्या

माझ्या पिस्तुलाला दोन नळ्या आहेत. हे मी फोनवर पुण्याच्या नणंदेला सांगितलं, तेव्हा तिने आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे थंडी फार आहे का हल्ली?"

तिची काही चूक नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आम्ही राहतो सातासमुद्रापार, माओरींच्या देशात, मनुरेवा नावाच्या उपनगरात. माझं निम्मं आयुष्य इथल्या एका दुकानात कपडे अल्टर करण्यात गेलं. शाळेचे युनिफॉर्म, लग्नाचे गाऊन, ढेरी सुटलेल्यांच्या पँटी, सगळं केलं. दुकान सुटलं आणि दुपारी खायला उठायला लागल्या. आमच्या कुंपणापलीकडे एक माओरी बाई राहते, माझ्या दुप्पट अंगाची, हसली की खिडक्या हलतात. एका शनिवारी तिने कुंपणावरून "कियोरा", म्हणजे त्यांचा नमस्कार, केला आणि म्हणाली, "घरात बसून काय करतेस? चल माझ्याबरोबर पिस्तूल क्लबला. नुसती बसून राहा तिथे."

मी बसायलाच गेले होते. पण तिथल्या लोकांनी शेजारी उभं राहून मला एक गोळी झाडू दिली आणि ती कागदाला लागली. कागदाला कुठे, ते विचारू नका.

मग परीक्षा, कागदपत्रं, घरात भिंतीला ठोकलेली लोखंडी तिजोरी, सगळं रीतसर केलं. पोलीस घरी आले आणि आमच्या ह्यांना वेगळं बसवून विचारलं, बायकोला राग लवकर येतो का. हे म्हणाले, "पोळ्या गार झाल्यावर येतो." तरी परवाना मिळाला. पिस्तूल घेतलं ते चाळीसचं, पॉइंट चाळीस इंच मापाचं. म्हणजे गोळी जाड, आवाज मोठा, हाताला धक्का सणसणीत. नात म्हणते, "आजी, दॅट्स सो लाउड." म्हटलं, असू दे. जन्मभर मी हळू बोलले.

तर गेल्या हिवाळ्यात ओल्या गवतावर कपडे वाळत घालायला गेले, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर, आणि सपशेल आडवी झाले. उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, डॉक्टरांनी हात हलवायला लावला, हळूहळू पोळ्या लाटायला लागले. पण रेंजवर चाळीसची एक गोळी झाडली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसरी झाडायची छाती झाली नाही.

आणि इथला कायदा असा, की वर्षातून ठरावीक वेळा क्लबात येऊन नेमबाजी केली नाही, तर पिस्तुलाचा परवाना जातो. मग पिस्तूलही जातं. वर्ष संपत आलं होतं आणि माझे सगळे शनिवार प्लॅस्टरमध्ये गेले होते. फ्लॅट बुशहून लेकीचा फोन आला. "आई, विकून टाक ना. या वयात काय करायचंय ते?" ह्यांनी गॅरेजमधून जुना कॅरम काढला, धूळ झटकली आणि पावडर टाकून माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "हाही नेमाचाच खेळ आहे. धक्का बसत नाही." मी सोंगटीला हातही लावला नाही.

उपाय शेजारणीने काढला. "पिस्तूल कशाला बदलतेस? नळी बदल." माझ्याच पिस्तुलात बसेल अशी नऊची, म्हणजे नऊ मिलिमीटरची, नळी मिळते. बाहेरून अगदी तेवढीच, आतलं भोक तेवढं बारीक. गोळी लहान, धक्का कमी. रीतसर परवानगी काढून आणली. बदलायला चहाला आधण येईल इतकाही वेळ लागत नाही. आधी पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघायचं, दुसऱ्याला दाखवायचं. मग वरचा सरकता भाग काढायचा, स्प्रिंग काढायची, जुनी नळी बाहेर, नवी आत. शिलाई मशीनची बॉबिन बदलल्यासारखं. गोळ्यांचं मॅगझिनही नऊचं वेगळं. आणि गोळ्या कधीही एकत्र ठेवायच्या नाहीत. चाळीसच्या माझ्या लाल डब्यात असतात, नऊच्या स्टीलच्या डब्यात, आणि एका दिवशी एकच डबा पिशवीत जातो.

मनगटासाठी म्हणून मी गोळ्याही सौम्य घेतल्या. शनिवारी उभी राहिले, झाडली. दुखलं नाही. इतका आनंद झाला म्हणता, आणि बघते तर पिस्तूल अडकलेलं. झाडलेल्या गोळीचं रिकामं टरफल बाहेर उडायच्या ऐवजी वरच्या फटीत उभं राहिलेलं, चुलीच्या धुराड्यासारखं. ते काढलं, पुन्हा झाडली. पुन्हा धुराडं. तिसऱ्यांदाही तेच.

आमचे रेंज ऑफिसर म्हणजे एक सडपातळ म्हातारे गृहस्थ. कधी कुणाला लागेल असं बोलत नाहीत. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मनगट ढिलं पडतंय, डिअर. हात घट्ट नसला तर वरचा भाग पुरता मागे जात नाही. मग टरफल अडकतं." थोडं थांबून म्हणाले, "असंच अडकत राहिलं तर मला तुला लाइनवर उभं करता येणार नाही."

रागावले असते तर मी भांडले असते. ते मायेने बोलले, त्याने घात केला. घरी आल्यावर चहा ह्यांनी केला. आमचे हे आपणहून चहा करतात, म्हणजे प्रकरण गंभीर.

दोन-तीन दिवस मी स्वतःच्या मनगटाकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघत होते. मग नातीचा शाळेचा स्कर्ट उसवला म्हणून मशीनवर बसले. आधी ह्यांच्या जीन्ससाठी जाड दोरा लावला होता. तो काढून बारीक दोरा घातला, सुई बारीक घातली, आणि दोरा तटकन तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. आणि मग आठवलं, मशीनचं टेन्शन, म्हणजे दोरा ओढायचा ताण, जाड दोऱ्याचंच राहिलंय. सैल केलं नाही.

माझे हात मशीनवरच राहिले. नळी बारीक घातली, गोळ्या हलक्या घेतल्या. पण स्प्रिंग? स्प्रिंग चाळीसचीच. इतक्या ताठ स्प्रिंगला ती सौम्य गोळी पुरती मागे ढकलणार कशी?

"अहो," मी हाक मारली, "मनगट नाही. स्प्रिंग."

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कुणाची?"

पुढच्या शनिवारी गेले. बोलून कोण ऐकणार? प्रत्येक म्हातारीला वाटतंच की दोष यंत्राचा. म्हणून मी शेजारणीला म्हटलं, "तू झाड माझ्या पिस्तुलाने." तिचा पंजा म्हणजे परात, आणि मनगट माझ्या घोट्याएवढं. तिने झाडली. टरफल फटीत उभं. तिने मान वाकडी करून बघितलं, काढलं, दात आवळून पुन्हा झाडली. पुन्हा धुराडं.

मी रेंज ऑफिसरांकडे वळले. "हिचंही मनगट ढिलं आहे का हो?"

शेजारीण म्हणाली, "हो म्हण बघू एकदा."

म्हातारे हसायला लागले. चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "माझं चुकलं." त्यांच्या पत्र्याच्या पेटीत याच जातीच्या पिस्तुलाची सैल स्प्रिंग होती. त्यांनी ती मला दिली, बसवायची मात्र मीच, असंही म्हणाले. बसवली. पहिली गोळी झाडली आणि टरफल उजवीकडे उडून टणकन जमिनीवर पडलं. काय सांगू, तोड्या-पैंजणांचा आवाज इतका गोड लागला नसेल.

त्या दिवशी क्लबची छोटी स्पर्धा होती. समोर लोखंडी ताटल्या उभ्या, ज्याच्या आधी पडतील तो जिंकला. माझ्या जोडीला एक दाढीवाला तरुण आला. मला बघून म्हणाला, "सावकाश, आंटी." मी सावकाशच झाडल्या. फक्त एकही चुकली नाही. तो भराभर झाडत होता, आणि दोन ताटल्या त्याच्याकडे बघत तशाच उभ्या होत्या. माझी शेवटची आडवी झाली तेव्हा मागून शेजारणीची अशी आरोळी आली की पार्किंगमधले लोक आत बघायला आले. तरुणाने हात पुढे केला, "स्वीट ॲज, आंटी." म्हणजे इथल्या भाषेत, एकदम झकास. मी उजवाच हात दिला. त्याने दाबला, आणि मीही दाबला.

पुढचा एकही शनिवार मी सोडला नाही आणि वर्ष संपायच्या आत हजेऱ्या भरल्या. परवाना राहिला. आता उन्हाळ्यात मनगट अगदी ठणठणीत असलं की चाळीसची नळी घालते, बरोबर तिची ताठ स्प्रिंग. थंडीत नऊची.

त्या स्पर्धेच्या संध्याकाळीच लेकीचा फोन आला होता. "मग आई, काय ठरलं? विकणार ना?"

"विकायला काढलाय ना," मी म्हटलं. "कॅरम. कुणी गिऱ्हाईक असेल तर बघ."

आतून हे ओरडले, "स्टँडसकट."