विहिरीपर्यंतची चाल

"एकशे ऐंशी बाय एकशे दहा," नर्सनं मोठ्यानं वाचलं आणि माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथंच थांबलं.

उजव्या डोळ्यानं डाळिंबावरचे तेल्या रोगाचे डाग दिसेनात, डावा आधीच अधू. आणे पठारावरची आमची बाग डोळ्यांवर चालते, म्हणून आळेफाट्याच्या दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, बीपी उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही." गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं. मला हसूच आलं. शेतकऱ्याला चालायला सांगतात!

इथं मी शहाणपणा केला. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की आम्ही ॲसिड सोडतो, नळ्या धुऊन निघतात, काम संपलं. रक्ताच्या नळ्यांचंही तसंच असणार, म्हणून पंधरा दिवस गोळ्या खाल्ल्या आणि बंद केल्या. पुढच्या तपासणीला आकडा तोच.

बाई चिडल्या नाहीत. कागदावर नळी काढून म्हणाल्या, "ठिबकची नळी प्लॅस्टिकची. ही जिवंत आहे." तिच्या आतल्या पातळ अस्तराला एंडोथेलियम म्हणतात. आपण भरभर चाललो की रक्त जोरानं वाहतं, अस्तराला घासतं, आणि अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं. त्यानं नळी सैल होते, दाब उतरतो. रोज चाललं की अस्तर हे काम आणखी चांगलं करतं. गोळी मात्र आपल्या मनानं सोडायची नाही. साठ वर्षं असली करामत अंगात घेऊन फिरलो आणि मला पत्ता नव्हता!

"पण हे चालत्यात कुठं?" शेजारी बसलेली माझी बायको सुमन मध्येच म्हणाली. "मोटर बी मोबाईलवरच चालू करत्यात. घरात बसून."

खरंच होतं. मोटरच्या स्टार्टरला मोबाईलचं सिम बसवल्यापासून मी विहिरीचं तोंड पाहिलं नव्हतं.

घरी येताच तिनं ते सिम काढून मिसरीच्या डबीत टाकलं. "आता हातानं चालू करा. लई बोलू नका, चाला."

विहीर अर्ध्या तासावर. आठवडाभर मी रागानं सुमनशी धड बोललो नाही. ती मात्र सकाळ-संध्याकाळ माझ्यामागं चालत यायची. गोळ्याही पुन्हा सुरू केल्या. तीन महिन्यांनी आकडा एकशे तीस बाय ऐंशी आला आणि ऑपरेशन झालं.

पट्टी निघाली त्या दिवशी सुमननं डबी उघडून सिम पुढं केलं. "घ्या, झालं तुमचं."

सिमच्या आधी मला तिचे सुजलेले गुडघे दिसले. दोन्ही वेळा माझ्यामागं आली, दुखतंय असं एकदाही बोलली नव्हती.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," मी म्हणालो. "आन् तू बस आता. मोटर मी चालू करून येतो."