मशीनला ओवाळायला तेवढी मी

"हात मागे घे. तू फक्त बघायचं."

सरांनी हे सगळ्यांसमोर म्हटलं, तेव्हा माझी बोटं लेथच्या हँडलपर्यंत पोचलीही नव्हती. चाकणच्या त्या प्रशिक्षण केंद्रात आमच्या बॅचला लोखंड कातायचं हे मशीन पहिल्यांदाच चालवायला मिळत होतं. बीडच्या सुनीतानं चालवलं. बिहारच्या पोरांनी चालवलं. माझा नंबर आला आणि सरांनी मशीन बंद केलं.

बाहेरचे तर तेही होते. पण त्यांना विचारलं, गाव कोणतं. मला विचारलं, देश कोणता. पाकिस्तानातल्या सिंधमधून आम्ही आलो तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. सगळी शाळा पिंपरीत झाली, मराठीत. राहायची परवानगी आहे, कागद सगळे आहेत.

"कागद ठीक आहेत गं," सर म्हणाले. "पण उद्या काही झालं तर निस्तरायचं कोणी?"

काय होणार होतं? लेथ काखोटीला मारून मी सीमेपलीकडे पळणार होते?

"हिला बी करू द्या की, सर," सुनीता म्हणाली. सर तिच्यावरच खेकसले.

मग माझ्या हातात झाडू आला. मशीनखालचा लोखंडाचा कीस गोळा करताना माझा देश कुणाला आड आला नाही. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मी आधी त्याचे हात बघते. हा आता माझ्याकडून काय काढून घेणार?

खंडेनवमी आली. मशीनला झेंडूच्या माळा. पाहुणे आले, फोटोवाला आला, आणि सरांना माझी माया आली.

"ये बाळा, पुढे ये." ओवाळणीचं ताट माझ्याच हातात. पाहुण्यांना म्हणाले, "निर्वासितांच्या मुलींनाही आम्ही शिकवतो."

माझ्या अंगाची आग झाली.

"सर, दसऱ्यानंतर हे मशीन मी चालवणार ना?"

"आधी ओवाळ," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मग बघू."

खंडेनवमीला मशीन एक दिवस बंद ठेवतात. माझी खंडेनवमी रोजचीच होती. मी ताट सरांच्या हातात दिलं.

"तुम्हीच ओवाळा. मला इथं झाडूशिवाय कशालाच हात लावू देत नाहीत."

हे मी पाहुण्यांकडे बघून म्हटलं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

सरांचं उत्तर अजून तेच आहे. बघू. बघा तुम्ही. मी रोज पिंपरीहून येते आणि लेथच्या रांगेत माझ्या नंबरावर उभी राहते. झाडूला शिवत नाही. ज्या मशीनला मला हात लावू देत नाहीत, त्याला मी हात जोडणार नाही.