अमरावतीतही भाचा आलाच

अमरावतीच्या कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला, पण मुलींच्या वसतिगृहात जागा उरली नव्हती. कॉलेज सुरू व्हायच्या आत खोली मिळाली नाही तर शिक्षण संपलं, असं घरात सरळ ठरलं होतं. म्हणून मी आणि माझा मोठा भाऊ, दादा, खोली शोधायला अकोल्याहून निघालो. एकोणीसशे साठनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. आज तुम्ही निघाल तर सकाळचा चहा अकोल्यात आणि दुसरा अमरावतीत घ्याल. आम्ही पॅसेंजरने निघालो. ती मूर्तिजापूरला इतकी थांबली की ड्रायव्हर घरी जेवायला गेला असावा अशी मला शंका आली. बडनेऱ्याला उतरून अमरावतीची छोटी गाडी धरायची. मधल्या वेळात फलाटावरचा आलुबोंडा खाल्ला. तिखट असा की डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी दुसरा मागितला.

मी खुशीत होते. अकोल्यात आम्ही ज्या वस्तीत राहायचो, तिथून बाहेर पडायचा प्रयत्न दादाने नुकताच केला होता. त्याला सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती. कचेरीजवळ एक खोली पसंत पडली, बोलणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला, माझा भाचा येणार आहे. भाचा काही आला नाही. खोलीला कुलूप आम्ही पुढे कितीतरी दिवस पाहिलं. अमरावती मोठी, जुन्या शाळा-कॉलेजांची. तिथे असलं काही नसेल, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

उतरले आणि हसूच आलं. तीच काळी धूळ, तोच सरकीच्या ढेपेचा वास, टांगेवाल्याची तीच अर्धी हिंदी. "किधर जाना है बाई? बसा ना, कायले पाहून राह्यल्या?" आमच्या मोर्णा नदीवरचा पूल तेवढा उचलून आणला असता तर मी अकोल्यातच आहे असं समजले असते. परक्या गावात आल्यासारखं वाटलंच नाही, आणि तेव्हा ते मला फार आवडलं.

राजापेठेत आज शिकवणीवर्गांच्या पाट्यांमागे घरं दिसत नाहीत. तेव्हा घरं दिसायची, आणि ओट्यावर बसलेली माणसंही. एका घरामागे खोली रिकामी होती. स्वच्छ, पूर्वेला खिडकी, कॉलेज चालत जाण्याजोगं. घरमालकीण गोलमटोल आणि बोलकी. तिने आम्हाला सतरंजीवर बसवलं, चहा टाकला आणि मग तो प्रश्न आलाच.

"कोनापैकी व्हय तुमी?"

"बौद्ध," दादा म्हणाला.

बाईने तो शब्द स्वतःशीच पुटपुटून पाहिला. धर्म बदलून आम्हाला थोडीच वर्षं झाली होती आणि हा शब्द तिच्या कानाला नवा असावा. मग तिचा चेहरा उजळला.

"म्हन्जे ते जैनासारखे! मुंगी बी मारत नाई म्हन्तेत. कांदा-लसून बी नाई खात ना तुमी?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात दादा म्हणाला, "नाई खात."

आमच्या घरी कांद्यावाचून घास उतरत नाही! मी दादाकडे बघितलं, तो छताकडे बघत होता. बाई मात्र खूश. "मंग त लयच चांगलं झालं. आमच्या घरात बी सोवळंच असते. पोरीले कई बी आनून सोडा."

खोली मिळाली होती. एवढ्यात बाईचे दीर आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते दादाला शांतपणे म्हणाले, "बौद्ध त आता झाले. त्याच्या आगुदर कोन होते?"

दादाने सांगितलं. यावेळी तो खोटं बोलला नाही.

बाईने चुलीवरचं चहाचं भांडं खाली उतरवलं आणि झाकलं. आमच्याकडे न बघता म्हणाली, "मी त भुललीच बाप्पा. आमचा भाचा येनार हाय ना. खोली त्याले देनं पडते."

वऱ्हाडात एवढे भाचे येतात तरी कुठून! रिकाम्या खोलीला बौद्ध माणसाचा वास लागला की उगवतात. रस्त्यावर आल्यावर मी दादावर तुटून पडले.

"काहून खोटं बोलला तू? तिथं राहून कांदा लपून खाऊ का मी?"

"खोली पायजे का नाई तुले?"

"पायजे. पन मी जे हाय ते सांगून पायजे."

त्यानंतर प्रत्येक दारात मीच पुढे झाले. चप्पल काढायच्या आधी सांगायचं, "आमी बौद्ध. आधीचे कोन तेही सांगतो. खोली हाय का?" काहींनी दार लावलं, काहींनी भाचा बोलावला, एकाने तर चक्क सासू. निदान चहा झाकलेला बघावा लागला नाही.

संध्याकाळी स्टेशनापलीकडे आमच्याच लोकांच्या वस्तीत, दवाखान्यात काम करणाऱ्या कांताबाईंनी त्यांच्या पोरींशेजारी मला जागा दिली. ज्वारीची भाकर, ठेचा, फोडलेला कांदा. त्या माउलीने काही विचारलं नाही. मी पोटभर जेवले, पण राग काही गेला नाही. राजापेठेपासून ही वस्ती तेवढीच दूर होती, जेवढी अकोल्यात आमची त्या कचेरीपासून.

परत आल्यावर मायने दारातच विचारलं, "भेटली का जागा? कशी हाय वो अमरावती?"

"भेटली. डिट्टो अकोल्यासारखी हाय."

तिचा जीव भांड्यात पडला. "मंग करमन तुले," ती म्हणाली आणि माझी ट्रंक झटकायला घेतली.

मी तिच्यावर ओरडले. तिचा काय दोष होता? पण ओरडले, आणि ते शब्द मी आजही मागे घेणार नाही.

"मले करमाले नाई जायचं, माय! अकोल्यासारखं नसन, असं एक गाव पायजे होतं मले!"