मुक्या खोलीतली बाई

दिग्रसजवळच्या त्या बंजारा तांड्यात बादलसारखा गेमवेडा दुसरा नव्हता. आर्णीच्या मोबाइलवाल्याकडून त्यानं तो हातात मावणारा गेम जुनाच उचलला होता, आणि त्यात चालायचा एकच खेळ: भुताचा बंगला. एक पोरगी कंदील घेऊन अंधारात फिरते, कोडं सुटलं की दार उघडतं, चुकलं की मागून कुणीतरी येतं. गडी चांगला धिप्पाड, पण खेळताना घामाघूम व्हायचा, तरी सोडेल तर शपथ! उन्हात पडद्यावर काही दिसत नाही म्हणून भर दुपारी गोधडी पांघरून बसायचा. शेजारी धाकटी बहीण रंजिता असायचीच.

मग ते फवारणीचं साल आलं. बोंडअळीनं कपाशी पोखरली, लोक मिळेल ते औषध पंपात ओतू लागले. दुसऱ्यांच्या वावरात रोजानं फवारणारा बादल एके दिवशी डोळे चोळत घरी आला तो आडवाच झाला. यवतमाळच्या दवाखान्यातून परतला, तेव्हा डोळ्यांपुढं नुसतं धुकं होतं.

दिवाळी सरली आणि एका दुपारी गोधडीखालून घंटांचे आवाज आले. बादल खेळत होता! घंटांचं जे कोडं त्याला आधी कधी सुटलं नव्हतं, ते त्यानं एका दमात सोडवलं. त्याची आई रामीबाई तांडाभर सांगत सुटली, "गेम खेळते माहा पोरगा! दिसाले लागलं त्याले!"

"दिसते ना, याडी," बादल आईला म्हणाला. "उद्या बजारात गाडीवर नेतो तुले."

झालं! मोटरसायकल धुऊन अंगणात उभी राहिली. डोळे एकदा तपासून घेऊ, असं म्हणायचं कुणाला सुचलं नाही. सगळ्यांना ते खरंच हवं होतं ना.

दुसऱ्या दिवशी याडी लुगडं नेसेपर्यंत दोघं भावंडं गोधडीत शिरली. घंटांनी उघडलेल्या दारापलीकडची खोली नवीन होती. बाकी खोल्यांत वारा, पावलं, काहीतरी वाजायचं. इथं काहीच नाही. कोपऱ्यातून एक बाई निघाली, मुकाट्यानं जवळ येत गेली आणि पडदाभर झाली. डोळ्यांच्या जागी भोकं! रंजितानं तोंडावर हात दाबला.

बादल आपला शांत. "समोर दार लागलं वाटते," म्हणाला.

"बादल, काढ रे गाडी!" बाहेरून हाक आली.

तो उठू लागला. रंजितानं भावाचं मनगट धरलं. "भिया, त्या बाईचं भेव नाही वाटलं तुले?"

"कोनती बाई?"

रंजिताला आता कळलं. घंटा त्यानं कानांनी वाजवल्या होत्या, जुनी वाट अंगठ्याला पाठ होती.

"याडीले सांगू नको वं," तो पुटपुटला. "दिसन हळूहळू. बजाराचा रस्ता पाठ हाय मले."

ती रडतच बाहेर धावली. "याडी, गाडीले हात नको लावू देऊ त्याले! भियाले दिसत नाही!"

रामीबाईनं गाडीची किल्ली काढून घेतली. आत बादल गोधडी ओढून तसाच बसून राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं रंजिताला हाक मारली.

"ते बाई अजून माह्या समोरच हाय का?"